चौदा फेब्रुवारी आणि आपली लेकरं: धाराशिवकडून नव्याने आलेल्या घरांसाठी

कळंब, उमरगा, भूम, तुळजापूर या भागातून अमेरिकेत येऊन स्थिरावलेल्या घरांत जानेवारीच्या अखेरीला एक फोन हमखास येतो. समोरचं कुटुंब नुकतंच आलेलं असतं. लेकराच्या दप्तरात शाळेची चिठ्ठी सापडलेली असते, तिच्यावर वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं असतात आणि व्हॅलेंटाइन घेऊन या असं लिहिलेलं असतं. पहिलीतल्या पोराला हे काय लावलंय, असा त्या फोनचा सूर असतो. तो सूर आम्हाला कळतो. नव्वदचं दशक संपता संपता ज्यांनी आपल्याकडे कॉलेज केलं, त्यांच्यासाठी १४ फेब्रुवारी म्हणजे भेटकार्डं जाळल्याच्या बातम्या आणि घरी कळलं तर काय ही धास्ती.

इथल्या प्राथमिक शाळेत या दिवसाचा प्रेमप्रकरणांशी काही संबंध नाही. संक्रांतीनंतर आपण शाळेत डबीभर तिळगूळ न्यायचो आणि आदल्या दिवशी जिच्याशी भांडण झालं तिच्या हातावरही ठेवायचो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे तिळगुळाच्या जागी कार्ड असतं आणि कुणी सुटू नये म्हणून बाई यादीच देतात.

ती यादी नीट वाचा. जवळजवळ सगळ्या शाळांचा नियम एकच असतो: द्यायचं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. आपल्या मुलीने वर्गातल्या मुलांनाही कार्ड द्यायचं, मुलाने मुलींनाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि घरात कुणी त्यावरून चिडवूही नये. दुकानांत जानेवारीपासूनच छोट्या कार्डांची पाकिटं लागतात; वर्गाच्या पटापेक्षा चार-पाच जास्त असलेलं पाकीट घ्या, कारण शिक्षिका, मदतनीस आणि बसचालक यादीत नसतात. बालवर्गाच्या बाई पुष्कळदा सांगतात की कार्डावर घेणाऱ्याचं नाव घालू नका, फक्त आपलं लिहा. तसं केलं की वाटायला सोपं जातं. नावं घालायची असतील, तर वीस-बावीस अनोळखी स्पेलिंगं लिहिणं हे सहा वर्षांच्या लेकराला मोठंच काम असतं. १३ तारखेच्या रात्री बसवलंत तर रडारड ठरलेली. रोज चार-पाच, जेवणाआधी, असं आठवडाभर चालू द्या. अक्षर वेडंवाकडं आलं तरी त्याचं त्याला लिहू द्या. आईच्या सुबक अक्षरातलं कार्ड वर्गात लगेच ओळखू येतं.

बुटांच्या रिकाम्या खोक्याला फट पाडून, रंगीत कागद लावून टपालपेटी करून आणायला सांगतात. खोकं आधीपासून जपून ठेवा. १४ तारीख शनिवारी-रविवारी आली तर वाटप शुक्रवारी होतं. आणि फेब्रुवारीचा तिसरा सोमवार प्रेसिडेंट्स डेचा, त्याला जोडून काही शाळा जास्तीची सुट्टी देतात, म्हणून चिठ्ठीवरची तारीखच खरी धरा. तुम्हाला यात भाग घ्यायचाच नसेल तर तसं बाईंना कळवलं तरी चालतं. काही घरं आपल्या धर्मामुळे घेत नाहीत आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

खाऊचं मात्र जपून

तिळगूळ आठवला की पहिला विचार येतो, वड्याच पाठवू की! पाठवू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी इथे इतकी गंभीर धरली जाते की पुष्कळ वर्गांत शेंगदाणा आणायलाच बंदी असते. तिळाचंही तेच. अमेरिकेत २०२१च्या कायद्याने तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ ठरला आणि १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तो छापणं सक्तीचं झालं. कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघातही तीळ आणि शेंगदाणा दोन्ही अशा यादीत आहेत. म्हणजे शेंगाची पोळी, तिळाची पोळी, शेंगदाण्याची चटणी हे आपलं सगळं सोनं शाळेच्या दाराबाहेरच ठेवायचं. घरचा पदार्थ कितीही सोवळ्यात केलेला असो, बहुतेक शाळांना घटक छापलेलं बंद पाकीटच लागतं. काही शाळा खाऊ नकोच म्हणतात. पेन्सिल, खोडरबर, चिकटचित्रं दिली की प्रश्न मिटतो, आणि लेकरांना तीच जास्त आवडतात.

घरी काय करायचं

इथे आमच्यात दोन मतं आहेत. काही घरं म्हणतात, हा सण शाळेपुरता ठेवा, घरात आणू नका. आमचं मत वेगळं आहे. वर्गात सगळ्यांना वाटून आलेलं लेकरू घरी येऊन विचारणारच, आपण कुणाला देणार? त्याला उत्तर हवं, आणि धाराशिवच्या माणसाला ते शोधायला लांब जावं लागत नाही.

आपल्याकडे येळवस असते. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला धाराशिव-लातूरची शहरं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर, शेंगाच्या पोळ्या. पण येळवसेचं खरं मोठेपण जेवायला कोण येतं त्यात आहे. ज्याला शेत नाही त्याला आधी आवतण. बदलीवर आलेला मास्तर, बँकेतला परगावचा साहेब, वाटेने जाणारा अनोळखी, सगळ्यांना हाक मारून बसवायचं. शाळेची यादी कुणाला वगळत नाही, तशीच येळवसही वगळत नाही, आणि येळवसेत तर यादीही लागत नाही.

इथे डिसेंबरात शेत कुठलं आणि अंगणात बसायची सोय कुठली! म्हणून आमच्यातल्या काही घरांनी भज्जी-आंबिलीचं जेवण १४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी करायची रीत पाडली आहे. शास्त्राने चूक असेल, पण लेकरांना पटते. तुरीचे आणि पापडीचे ओले दाणे देशी दुकानाच्या फ्रीजरमध्ये मिळतात, पाकिटावर गुजरातीतलं लिलवा हे नाव पाहा. ओला हरभरा आणि वाटाणाही तिथेच. बेसन, कांद्याची पात, मेथी, लसूण-मिरची यांची कमतरता नाही. ज्वारीचं पीठ मिळतं, ताक घरचं, म्हणजे आंबीलही झाली. उंडे मात्र गरमच वाढा. गार झाले की लेकरं तोंड फिरवतात.

कुणाला बोलवायचं हे लेकराला ठरवू द्या. आपलं काम फक्त एवढं विचारायचं की आपल्या गावात एकटं कोण आहे. विद्यापीठात शिकायला आलेलं परांड्याकडचं पोरगं असेल, शेजारच्या वयस्क बाई असतील. पाहुण्यांनाही ॲलर्जी आधी विचारून घ्या.

आजीला कार्ड पाठवायचं असेल तर घाई जानेवारीतच करा, टपालाला वेळ लागतो. पत्त्यात गाव, तालुका आणि फोन नंबर लिहा. जिल्ह्याचं नाव धाराशिव लिहून कंसात उस्मानाबाद लिहिलंत तर बरं, कारण २०२३ मध्ये नाव बदललं तरी जुनं नाव अजून अनेकांच्या तोंडी आहे. पिनकोड चुकवू नका. तुळजापूरचा ४१३६०१, धाराशिव शहराचा ४१३५०१. मजकूर मराठीत, दोन ओळींचा, लेकराच्या हातचा. व्हिडिओवर आजी दिसते खरी, पण कार्ड ती भिंतीवर लावते आणि आल्यागेल्याला दाखवते. फोन करायचाच तर न्यूयॉर्कला सकाळचे आठ म्हणजे गावाकडे संध्याकाळचे साडेसहा, सिएटलला सकाळचे आठ म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ.

नवरा-बायकोंनी काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. हॉटेलात त्या रात्री गर्दी असते आणि दरही चढे असतात, एवढंच सांगतो.

मोठ्या मुलांचं अवघड असतं. सहावी-सातवीपासून यादी बंद होते. हायस्कुलात काही ठिकाणी विद्यार्थी मंडळ फुलं किंवा चॉकलेटं विकतं आणि ती नाव घेऊन वर्गात पोहोचवतात. कुणाला पाच मिळतात, कुणाला एकही नाही. त्या संध्याकाळी तुला किती आली, कुणाकडून आली असली चौकशी करू नका. कुणी नाव सांगितलंच तर आरडाओरडा नको, गावाकडे फोनही नको. जेवायला वाढा. बोलायचं असेल तर ते बोलेल. आपल्या वेळी हे बोलायला घरात जागाच नव्हती, तेवढी तरी ठेवा.

अमेरिका-कॅनडा सोडून दुसरीकडे आलेल्यांनी हे सगळं जसंच्या तसं धरू नये. जर्मनीत हा बहुतांशी मोठ्यांचाच दिवस आहे. फिनलंडमध्ये तो मित्रांचा दिवस म्हणूनच ओळखला जातो, तिथे आपल्या लोकांना काही अडचण येत नाही. जपानमध्ये १४ फेब्रुवारीला बायका-मुली पुरुषांना चॉकलेट देतात आणि १४ मार्चला परतफेड होते. तिथल्या शाळांचे नियम वेगळे असतात, आधी विचारून घ्या.

आणि १५ तारखेला सकाळी दुकानात जा. उरलेली कार्डं आणि चॉकलेटं बऱ्याच ठिकाणी अर्ध्या किमतीला मिळतात. एखादं पाकीट जास्तीचं घेऊन ठेवा. पुढच्या जानेवारीत आपल्याकडचं नवं कुटुंब फोन करील, त्यांना द्यायला होईल.