माळ्यापासून सुरुवात कर

आंबवडे, ता. भोर
पितृपक्ष

चि. मुक्तास,


नव्या घराचे फोटो पाहिले. फरशी लख्ख, ओटा चकाचक, पडदेही छान. पण खालीच तू लिहिलंयस की एवढं टापटीप ठेवूनही आरोहला रोज सकाळी उठल्याउठल्या शिंका येतात. म्हणून हे पत्र. फोनवर तू ‘हो हो’ म्हणून मोकळी होतेस. पत्र निदान दोनदा वाचशील.

इथे घरोघरी दसरा काढायची गडबड चालली आहे. घट बसायच्या आत घर झालं पाहिजे. कोणाच्याही घरात डोकाव, काम माळ्यावरूनच सुरू झालेलं दिसेल. वेळूला केरसुणी बांधून वाशांवरची काजळी आणि जळमटं पाडतात. पहिल्या फटक्यालाच खाली काळा चुरा सांडतो आणि पाडणाऱ्याच्या पापण्यासुद्धा काळ्या होतात. मग कणगीचा तळ. कोपऱ्यात राहिलेले पसाभर जुने दाणे खरवडून काढले नाहीत, तर त्यातली कीड नव्या इंद्रायणीला लागते. वाकळा-गोधड्या नागेश्वराकडच्या ओढ्यावर जातात. जमीन सारवायची ती सगळ्यात शेवटी. तुझं सगळं उलट आहे बघ. तू आधी फरशी पुसतेस, मग पंखा झाडतेस आणि पुन्हा फरशी पुसतेस. आधी वरचं, मग खालचं. आधी कोरडं झाडणं, मग ओलं पुसणं. धुळीवर आधी पाणी पडलं की तिचा चिखल होऊन ती फटीत बसते.

आरोहच्या शिंकांचं मूळ मी आधी गादी-उशीत शोधीन. गादीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात, आपल्या अंगाच्या कातडीचा कोंडा खाऊन जगतात, आणि त्यांच्या विष्ठेने पुष्कळांना सर्दी-दमा होतो. अभ्रे-चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धू, गादीला कडक ऊन दाखव. कपाटाचा माथा, पंख्याची पाती, एसीची जाळी ओल्या फडक्याने पूस. पलंगाखाली कोंबलेल्या बॅगा बाहेर काढ. कपाटामागच्या भिंतीला हात लावून बघ. गार, ओलसर लागली तर ती बुरशीची जागा. तिथे रंगाचा हात मारू नकोस, आधी पाणी कुठून झिरपतंय ते शोध. एवढं करूनही शिंका थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखव.

आरोग्यसेविकेची नोकरी संपली तरी माझी पाणी बघायची सवय गेलेली नाही. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, त्याला आपण साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. त्याची अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेघेवर चिकटतात आणि पाण्यावाचूनही महिनोन्‌महिने टिकतात. पिंप आतून घासायलाच हवं. फ्रीजमागे तळाशी एक पसरट ताटली असते, बर्फाचं वितळलेलं पाणी तीत साठतं. प्लग काढून ती बघ. बहुतेक घरांत ती वर्षानुवर्षं कोणी पाहिलेली नसते.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता तेव्हा रँडसाहेबाच्या हाताखालच्या गोऱ्या सोजिरांनी घरं तपासली, सामान बाहेर काढून जाळलं, औषधांनी जमिनी धुतल्या, भिंतींना चुना फासला. बायकांचा, देवघराचा मुलाहिजा ठेवला नाही. लोक पेटले, आणि २२ जूनला चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. प्लेग मात्र पुढेही येतच राहिला. १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की रोग पसरतो तो उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे. ते मानायलाही लोकांना काही वर्षं लागली. तोवर भिंती पांढऱ्या होत होत्या आणि बिळं तशीच होती.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. घासायला बसण्याआधी कारण शोधावं, ही पहिली. आणि दुसऱ्याच्या वस्तूला त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये, ही दुसरी. तुझ्या सासूबाईंची ट्रंक तुला अडगळ वाटते, माहीत आहे मला. ती त्यांच्यासमोर, त्यांच्याच हाताने उघडू दे. काय ठेवायचं, काय द्यायचं ते त्या ठरवतील. वाळवी आणि झुरळं मात्र दोघी मिळून बघा.

जपायचं तेही सांगते. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नकोस; त्यातून निघणारा क्लोरिन वायू बंद न्हाणीघरात जीव घेऊ शकतो. कामाला येणाऱ्या मावशींना एकटीला स्टुलावर चढवू नकोस. खाली धरायला तू उभी राहा आणि जादा कामाचे पैसे वेगळे दे. आणि सगळं एका दिवसात उरकायचा हट्ट नको. एका रविवारी एक खोली, पण कोपऱ्यासकट.

घरातलं तुझ्या हातात आहे, गच्चीवरची टाकी सगळ्यांची आहे. सोसायटीच्या येत्या सभेत उठून विचार, ती आतून शेवटची कधी घासली. उत्तर आलं नाही तर तारीख ठरवून घे आणि त्या दिवशी स्वतः वर जाऊन बघ.

तुझी,
आत्या