मैदानावरून रणांगणावर

स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात हेमार्केट नावाचा एक गजबजलेला भाग आहे. तेथे घड्याळाचा एक दगडी मनोरा उभा आहे. दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात लोक त्याच्या पायथ्याशी जमतात व पुष्पचक्रे वाहतात. हे स्मारक कोणा राजाचे अथवा सेनापतीचे नव्हे. ते एका फुटबॉल क्लबाचे आहे.

त्या क्लबाचे नाव ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’. लोक त्याला ‘हार्ट्स’ म्हणतात. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या महायुद्धाला तोंड लागले, आणि त्याच महिन्यात स्कॉटलंडच्या अजिंक्यपदाचे सामनेही सुरू झाले. हार्ट्सने पहिल्याच सामन्यात आदल्या वर्षीच्या विजेत्या सेल्टिक संघास २–० असे हरविले. पाठोपाठचे सातही सामने त्यांनी जिंकले.

परंतु लोकांचे मन खेळात नव्हते. आघाडीवर रोज माणसे मरत असताना धट्टेकट्टे तरुण पगार घेऊन चेंडूमागे धावतात, ही गोष्ट अनेकांना सलू लागली. हार्ट्सने आता ‘पांढरी पिसे’ असे नाव धारण करावे, असे पत्र एका स्थानिक वृत्तपत्रात छापून आले. तिकडे पांढरे पीस ही भ्याडपणाची खूण मानीत. वास्तविक सामने सारेच क्लब खेळत होते. पण हार्ट्स सर्वांच्या पुढे होते, म्हणून बोल त्यांना लागला.

त्याच सुमारास सर जॉर्ज मॅक्रे या ५४ वर्षांच्या गृहस्थांनी नवी पलटण उभारावयास घेतली. आपण स्वतः तिच्याबरोबर लढावयास जाऊ, असे त्यांनी जाहीर केले. २५ नोव्हेंबर १९१४ रोजी हार्ट्सच्या ११ खेळाडूंनी तीत नावे नोंदविली. मग इतर क्लबांचे खेळाडू आले. कालपर्यंत मैदानाभोवती उभे राहून आरडाओरडा करणारे शेकडो चाहतेही आपल्या आवडत्या खेळाडूंच्या शेजारी रांगेत उभे राहिले.

आता आठवडाभर कवाईत आणि शनिवारी सामना, असा क्रम सुरू झाला. कधी रात्रभर कूच करून दुसऱ्या दिवशी मैदानावर उतरावे लागे. टॉम ग्रेसी या खेळाडूस तर मार्च १९१५ मध्ये रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. त्याने ही गोष्ट केवळ व्यवस्थापक जॉन मॅकार्टनी यांच्या कानावर घातली आणि तो खेळतच राहिला. त्या हंगामात त्याने २९ गोल केले!

बहुतेक सारा हंगाम पहिल्या स्थानी असलेला हा संघ अखेरीस थकला. सेल्टिकचे ६५ गुण झाले, हार्ट्सचे ६१. हाती आलेले अजिंक्यपद गेले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रेसी वारला. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमची लढाई सुरू झाली. त्या एकाच दिवशी डंकन करी, अर्नेस्ट एलिस आणि हॅरी वॉटी हे तिघे कामी आले. युद्ध संपेपर्यंत पहिल्या संघातील सात जण गेले होते. परत आलेल्यांपैकी काहींची फुप्फुसे विषारी वायूने कायमची अधू झाली होती.

हेमार्केटचा मनोरा क्लबाने १९२२ साली शहरास अर्पण केला. मॅक्रे यांची पलटण ज्या काँतालमेझाँ गावापाशी लढली, तेथेही २००४ साली एक स्मारक उभे राहिले. त्यासाठी लागणारा दगड स्कॉटलंडहून नेण्यात आला होता.