जुनं पुस्तक कधी काढावं?

प्रश्न : शाळेच्या ग्रंथालयातली कपाटं भरली आहेत. जुनी पुस्तकं काढायला घेतली की हात थांबतो. काय काढावं, काय ठेवावं?
– एक शिक्षिका, निमोणे (ता. शिरूर)

उत्तर : बाई, पुस्तकाचं वय नका बघू, त्यातली माहिती मुलांना आज चुकीचं शिकवते का, ते बघा. प्लुटोला नववा ग्रह म्हणणारं पुस्तक २००६ सालीच शिळं झालं. महाराष्ट्राच्या नकाशात पालघर जिल्हा नसेल, तर तो नकाशा १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचा. भूगोल, विज्ञान, कायदा, स्पर्धा परीक्षा ही कपाटं म्हणूनच दरवर्षी उन्हाळी सुट्टीत तपासा. असं शिळं पुस्तक ‘असू दे, कुणीतरी वाचेल’ म्हणून ठेवणं मला मुळीच पटत नाही. मुलं छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवतात.

गोष्टी, कविता, चरित्रं यांना हा नियम लावू नका. साने गुरुजी जुने होत नाहीत; प्रत फाटली तर नवी आणा. ‘किशोर’चे जुने अंक, शिरूर-घोडनदी परिसरावरची पुस्तकं, शाळेच्या स्मरणिका कसर लागली तरी जपा. हे सगळं पुन्हा मिळत नाही. कुणी वाचत नाही म्हणून लगेच काढूही नका. आधी ते पुस्तक महिनाभर मुलांच्या हाताला लागेल असं टेबलावर मांडा.

काढायचं ठरलं, तर यादी करा, मुख्याध्यापकांची आणि शाळा समितीची लेखी मंजुरी घ्या, दाखल नोंदवहीत तशी नोंद करा. त्याआधी एकही पुस्तक रद्दीत जाऊ देऊ नका.