रॅम, हार्ड डिस्क आणि आजीची भाकरी

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठीत टेक्निकल लेख लिहायची ही माझी पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मला खऱ्या अर्थाने घरी, मराठीतच कळला, म्हणून मराठीतच लिहिते आहे.

गोष्ट जुलै २०२४ ची. त्या खरिपात एक रुपयात पीक विमा भरता येत होता (२०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली) आणि मुदत संपत आली होती. फुलंब्रीत माझ्या काकांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटंसं दुकान आहे. बारावी संपवून अ‍ॅडमिशनची वाट बघत मी घरीच होते, म्हणून मदतीला जाऊन बसले. बाकावर सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन माणसं बसलेली आणि कॉम्प्युटर काही केल्या हलेना. एक आजोबा म्हणाले, "पोरी, हे कामून नुसतं गोल गोल फिरू लागलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन वेळा पेज अडकलं. त्यांच्या गावाच्या शेवटच्या गाडीची वेळ झाली आणि ते तसेच निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, फॉर्म भरला गेला. पण खुरपणीचा एक दिवस बुडाला तो बुडालाच.

काकांनी त्या रात्रीच ठरवलं, अद्रकीचे पैसे आले की नवीन पीसी घ्यायचा. पस्तीस हजारांचं कोटेशनही आणलं. सगळ्यांचं मत एकच : प्रोसेसर म्हातारा झाला!

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले ती चार गोष्टी शिकून. दुकानात रोज जे चालू असतं ते सगळं चालू केलं. ब्राउझरचे बारा टॅब, दोन पीडीएफ, स्कॅनर, अँटिव्हायरस. मग टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ९४ टक्के, डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर फक्त २० टक्के! म्हणजे ज्याला आम्ही म्हातारा ठरवलं होतं, तो बिचारा बराच वेळ नुसता वाट बघत बसला होता. कशाची वाट? ते समजून घ्यायला आमच्या स्वयंपाकघरात यावं लागेल.

परात, डबा, मोंढा आणि शेत

समजा, प्रोसेसर म्हणजे भाकरी थापणारी माझी आजी. तिचा हात कितीही चालला तरी पीठ हाताशी नसेल तर भाकरी होणार नाही. परातीत घेतलेलं पीठ म्हणजे कॅश मेमरी. ती प्रोसेसरच्या चिपमध्येच असते. अगदी जवळ, पण अगदी थोडी. आजी एका भाकरीपुरतं पीठ घेत नाही, पुढच्या दोन-चार भाकरींचंही घेते. कॅशसुद्धा तसंच करते. एक बाइट मागितला तरी बहुतेक पीसींमध्ये शेजारचे मिळून ६४ बाइट उचलून आणते, कारण पुढे तेच लागण्याची शक्यता जास्त असते. पिठाचा डबा म्हणजे रॅम. आणि हार्ड डिस्क म्हणजे थेट शेत.

आता अंतरं बघा. कॅशमधून डेटा मिळायला साधारण १ नॅनोसेकंद लागतो. रॅममधून सुमारे १०० नॅनोसेकंद, साध्या एसएसडीमधून सुमारे १०० मायक्रोसेकंद आणि फिरत्या हार्ड डिस्कमधून साधारण १० मिलिसेकंद. हे आकडे वाचून मलाही काही वाटलं नव्हतं. म्हणून मी १ नॅनोसेकंद म्हणजे १ सेकंद असं धरून हिशोब केला. परातीतून पीठ घ्यायला १ सेकंद. डब्यातून काढून आणायला पावणेदोन मिनिटांच्या आत. एसएसडीला जवळजवळ २८ तास, म्हणजे आज जाधववाडीच्या मोंढ्यात गेलात तर उद्या दुपारी परत. आणि हार्ड डिस्क? ११६ दिवस! म्हणजे रब्बीची ज्वारी पेरायची, राखायची, कापायची, दळायची आणि मग भाकरी थापायची. तोवर आजी परातीपुढे बसून.

हार्ड डिस्क एवढी हळू, कारण तिच्यात खरोखरची तबकडी फिरते. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेतल्या तरी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. शिवाय डेटा वाचणारा हेड योग्य जागी सरकावा लागतो तो वेगळाच. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं.

गळका रांजण

मग सगळं रॅममध्येच का ठेवत नाहीत? एक तर ती महाग. दुसरं म्हणजे लाईट गेली की रॅम कोरी. त्याचं कारण तिच्या रचनेत आहे. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर यांत एक बिट साठवायची कल्पना मांडली. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप आली, तिच्यात १०२४ बिट मावत. आजच्या ८ जीबी रॅममध्ये सुमारे ६,८७० कोटी बिट असतात, पण तत्त्व तेच. कपॅसिटर म्हणजे गळका रांजण. त्यातला चार्ज झिरपत राहतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक बिट वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारं कोणी नाही.

डबा भरला की

काकांच्या पीसीत रॅम होती ४ जीबी. त्यातला मोठा वाटा विंडोजच घेत असे, उरलेल्यात बारा टॅब कसे मावणार? अशा वेळी विंडोज रॅममधली सध्या न लागणारी पानं (एक पान ४ किलोबाइटचं) हार्ड डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागली की परत आणतं. क्वचित झालं तर कळतही नाही. पण जागा फारच कमी पडली तर आत्ता बाहेर ठेवलेलं पानच पुढच्या क्षणी लागतं. ते आणायला दुसरं बाहेर, मग तेच परत आत. यालाच थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच त्याची कारणं सांगून ठेवली आहेत. ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे १० मिलिसेकंदांत ३ कोटी ठोके होतात. एका पानासाठी तेवढे वाया! स्क्रीनवर गोल गोल फिरत होतं ते हेच.

मेमरी जवळ हवी, ही गोष्ट सुपरकॉम्प्युटरलाही चुकत नाही. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० बनवला. त्यात प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची वेगळी मेमरी होती. शेजाऱ्याचा डेटा हवा असेल तर निरोप पाठवून मागवायचा.

आम्ही काय केलं?

आधी एक जुनी ४ जीबीची रॅम बसवली. डिस्कचे १०० टक्के एकदम खाली आले, टॅब पटापट बदलू लागले. पण पीसी सुरू व्हायला मात्र पहिल्याइतकाच वेळ! कारण सुरुवातीला सगळं डिस्कवरूनच आणावं लागतं. मग एसएसडी लावली, तेव्हा तेही सुधारलं. सगळं मिळून त्या दिवाळीत तीन हजारांच्या आत काम झालं.

तुम्हाला करायचं असेल तर एवढं बघा :

१. सगळ्यात जास्त काम चालू असताना टास्क मॅनेजर पाहा. मेमरी ६० टक्केच भरत असेल तर रॅम वाढवून फरक पडणार नाही. रिकामा डबा मोठा केला म्हणून भाकऱ्या जास्त होत नाहीत.

२. डीडीआर ३ च्या खाचेत डीडीआर ४ बसत नाही. जबरदस्ती करू नका.

३. विंडोज ३२ बिटचं असेल तर ते ४ जीबीच्या पुढची रॅम सहसा वापरतच नाही.

४. शक्यतो सारख्या दोन पट्ट्या लावा. डीडीआर ३-१६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी डेटा देऊ शकते, दोन मिळून २५.६.

मेमरी वाढवून पीसी वेगवान होतो, नवा होत नाही, हेही खरं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. काकांचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, त्यामुळे पुढेमागे पीसी बदलावा लागेलच. पण मधला वेळ मिळाला आणि अद्रकीचे पैसे त्या वर्षी ठिबकला लागले.

ते आजोबा परत भेटले तर आता मला उत्तर देता येईल : "आजोबा, मशीन म्हातारं नव्हतं. डब्यात पीठच नव्हतं, दरवेळी शेतात जावं लागत होतं." मला वाटतं, त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर कळेल.