नाकाची शस्त्रक्रिया: पॅकेजच्या आत काय, बाहेर काय

नाकाचा आकार बदलून घ्यायचा, म्हणजे ऱ्हायनोप्लास्टी करायची ठरली की पहिला प्रश्न येतो, कितीला पडते? पुण्या-मुंबईत ढोबळमानाने ८० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत काहीही उत्तर मिळतं. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात स्वतंत्र खोली घेतली तर आकडा त्याच्याही वर जातो. एवढी तफावत असते, कारण प्रत्येक जण वेगवेगळ्या गोष्टी धरून भाव सांगत असतो. त्यामुळे आकडा ऐकल्यावर घासाघीस नंतर. त्यात काय धरलेलं नाही, ते आधी विचारावं.

एस्टिमेट कागदावरच मागा. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचा चार्ज, खोली, औषधं आणि कन्झ्युमेबल्स अशा ओळी त्यात वेगवेगळ्या हव्यात. आधीच्या रक्ततपासण्या, ईसीजी, गरज पडल्यास सीटी स्कॅन आणि नंतरच्या भेटी बहुधा पॅकेजबाहेर असतात.

मग येतो जीएसटी. एरवीच्या उपचारांना तो नसतो, पण निव्वळ रूपासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के लागतो. फोनवर ऐकलेले एक लाख वीस हजार काउंटरवर १,४१,६०० होतात. जन्मजात व्यंग किंवा इजेनंतरची पुनर्रचना मात्र करमुक्त आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीतून नवं नाक बसवलं गेलं आणि १७९४ मध्ये त्याची हकिकत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. त्याला आजच्या नियमानेही कर लागला नसता! तुमचं प्रकरण तसं असेल तर केसपेपरवर स्पष्ट नोंद करून घ्या. आणि ‘रोख द्या, बिल नको, टॅक्स वाचेल’ असं कोणी सुचवलं तर तिथून उठावं. पुढे काही बिनसलं तर तुमच्या हातात दाखवायला कागदच उरत नाही.

आरोग्यविम्यात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया बसत नाही. पण आपल्याकडे नाक वाकडं दिसतं अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पुष्कळांचा आतला पडदाही वाकडा असतो. डॉक्टर गाल बोटाने बाजूला ओढून श्वास घ्यायला सांगतात, तेव्हा एकदम मोकळं वाटलं तर नाकाच्या आतल्या झडपेची जागा अरुंद असण्याची शक्यता धरून पुढची तपासणी होते. श्वासासाठी पडदा सरळ करण्याची सेप्टोप्लास्टी विम्यात बसू शकते. मात्र बऱ्याच पॉलिसींमध्ये त्यासाठी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. दोन्ही कामं एकाच वेळी होत असतील तर बिलाचे दोन भाग करून मागा आणि विमा कंपनीची पूर्वमंजुरी आधी घ्या. सगळं बिल ‘श्वासाचा त्रास’ म्हणून लावून देऊ, या आश्वासनाला भुलू नका. क्लेम फेटाळला तर भुर्दंड तुम्हालाच.

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन होते आणि साधारण दोन-तीन तास चालते. हाड-कूर्चेला नवा आकार देतात. जादा कूर्चा लागली तर पडद्यातून, कानातून किंवा बरगडीतून घेतात. बरगडीची म्हटली की वेळही वाढतो, खर्चही. नाकावरचा स्प्लिंट आठवडाभराने निघतो आणि त्या दिवशी आरशात जे दिसतं ते पाहून बरेच जण हबकतात. नाक फुगलेलं, शेंडा वर ओढलेला, डोळ्यांखाली पिवळट-हिरवे डाग. डाग दोन आठवड्यांत जातात, सूज मात्र रेंगाळते. आपल्याकडे अनेकांची नाकाची कातडी जाड असते. अशांच्या शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. साखरपुड्याच्या दीड महिना आधी शस्त्रक्रिया उरकण्याचा बेत म्हणूनच फसतो. फोटोत सुजलेलं नाक येतं. कामावरून दोन आठवड्यांची सुट्टी धरा. चष्मा महिना-दीड महिना नाकावर टेकवायचा नाही. नंबर असेल तर लेन्सची सोय आधीच करा. चमकी किंवा मोरणी शस्त्रक्रियेआधी काढावी लागते. परत कधी घालायची ते सर्जनलाच विचारा. सिगारेट दोन्हीकडे काही आठवडे बंद, नाहीतर जखम भरायला अडचण.

ज्या खर्चाबद्दल कोणी आपणहून बोलत नाही तो दुसऱ्या शस्त्रक्रियेचा. चांगल्या हातांतूनही काही नाकं मनासारखी होत नाहीत आणि त्यांना डागडुजी लागते. ती सहसा वर्षभर थांबूनच करतात. आतला व्रण घट्ट झालेला असतो, पडद्यातली कूर्चा वापरून झालेली असते, त्यामुळे हे काम पहिल्यापेक्षा अवघड आणि बहुधा महागही. ‘फेरशस्त्रक्रिया लागली तर कोणाचा खर्च?’ हे पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तर लिहून घ्या. बरेच सर्जन स्वतःची फी सोडतात, पण थिएटर, भूल आणि औषधांचे पैसे तुमच्याकडूनच जातात. ‘मोफत रिव्हिजन’ या दोन शब्दांत हे सांगितलेलं नसतं.

सर्जन एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी किंवा या कामात मुरलेला कान-नाक-घसा तज्ज्ञ असावा. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तुमच्यासारख्याच नाकाचे आधीचे आणि किमान वर्षानंतरचे फोटो मागा. महिन्याभरातल्या फोटोंवरून निकाल ठरत नाही. संगणकावर दाखवलेलं नाक म्हणजे हमी नव्हे. माझ्या मते ‘एवढं होईल, याच्यापुढे नाही’ असं तोंडावर सांगणारा सर्जन सवलत देणाऱ्यापेक्षा परवडतो.

फिलर टोचून ‘दहा मिनिटांत नवं नाक’ ही जाहिरात मोहात पाडते. एका सिरिंजला साधारण वीस-तीस हजार पडतात आणि परिणाम वर्ष-दीड वर्षात ओसरतो, म्हणजे पुन्हा तेवढेच. नाक त्याने लहान होत नाही, फक्त खळगे भरतात. औषध रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. ब्यूटी पार्लरमध्ये तर हे मुळीच करू नये.

पैसे भरताना पक्कं बिल, सही केलेल्या संमतिपत्राची प्रत आणि ऑपरेशन नोट मागून ठेवा. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सूज उतरायची वाट पाहताना त्यातलं निम्मं संपलेलं असतं, तेव्हा फाइल पहिल्या दिवसापासून लावा.