नाडी पूर्ण एक मिनिट मोजा



मागच्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर एक आजी पाणी आणताना कोसळल्या. अर्ध्या मिनिटात उठून बसल्या आणि हंडा कुठे गेला म्हणून विचारू लागल्या. घरच्यांनी फेफरे समजून कांदा हुंगवला होता. मी रक्तदाब पाहिला, वहीत ‘अशक्तपणा’ लिहिले, लोहाच्या गोळ्या देऊन परतले. तीस वर्षे परिचारिकेचे काम करूनही नाडी मोजली नाही, ही चूक माझीच.

हिवाळ्यात, तिसऱ्या खेपेला, आजी चुलीवर पडल्या. हात कोपरापर्यंत भाजला. त्या दिवशी घड्याळ समोर धरून मोजले, तर मिनिटाला 34 ठोके!

बसल्या जागी साधारण 60 ते 100 ठोके पडतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विजेचा सूक्ष्म संदेश जातो. म्हातारपणी ही वाट झिजते, संदेश अडतो आणि ठोके मंदावतात किंवा काही क्षण थांबतात. मेंदूला सहा-आठ सेकंद रक्त मिळाले नाही की शुद्ध हरपते. ठोका परत आला की माणूस लगेच सावध होतो, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. फिट आल्यावर बहुधा बराच वेळ गुंगी असते, इथे सहसा नसते. उन्हात उभे राहून येणारी भोवळ मळमळ, घाम, अंधारी अशी सूचना देते. पण काही न कळता आलेली, झोपल्या जागी किंवा चढ चढताना आलेली भोवळ हृदयाची असू शकते. ईसीजी काढल्याशिवाय सोडू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ठोके मंदावतात, तेव्हा गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. पडलेल्याला आडवे ठेवून पाय उचलावेत, तोंडात पाणी घालू नये.

आजारी एकट्या आजी होत्या, पण घर सगळे अडले होते. सातवीतली नात दिवाळीपासून आश्रमशाळेत गेली नव्हती, कारण आजीला एकटे सोडायचे कसे? मुलगा गुजरातेतली ऊसतोड अर्धी टाकून आला. मुकादमाची उचल अंगावर राहिली. दवाखान्याच्या बिलात हे कुठेच दिसत नाही.

बांबूच्या झोळीतून आजींना रस्त्यापर्यंत आणले. पेसमेकर सांगितल्यावर मुलगा घाबरला, यंत्र बंद पडले तर? मी त्याला स्वीडनच्या आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगितली. 1958 साली त्यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला. तो काही तासांतच बंद पडला, दुसरा घालावा लागला. पुढे बरेच बदलले. पण लार्सन 2001 पर्यंत, वयाच्या 86व्या वर्षापर्यंत जगले. हे ऐकून मुलाने अंगठा दिला.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली. रेशनकार्डावरचे नाव आधारशी जुळेना, त्यात मात्र अकरा दिवस गेले. आपण पाड्यांवर जाता तेव्हा म्हाताऱ्यांची कागदपत्रे आधीच पाहून ठेवा, आणि भोवळ म्हणताच मनगट हातात घ्या.

नात जूनमध्ये शाळेत गेली. आजींची नाडी आता तीच मोजते, सुटीला आली की.