लक्ष न टिकणं आणि रमीचा नाद

प्रश्न : माझे पती ३४ वर्षांचे. लहानपणापासून धांदरट, एका कामात न टिकणारे. मोबाइलवरच्या रमीपायी कर्ज झालंय. आता डॉक्टरांनी ‘एडीएचडी’ सांगितलं. जुगार त्यातूनच आला का? गोळ्यांनी सुटेल?
– एक वाचक, मस्तगड, जालना

उत्तर : ताई, एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार. तो असलेला प्रत्येक जण जुगारी होत नाही. पण मनात आलं की लगेच करून टाकणं, कंटाळा न सोसणं, झटपट मिळणाऱ्या बक्षिसाची ओढ, यांमुळे धोका वाढतो. हा निव्वळ बेजबाबदारपणा नव्हे. गोळ्यांनी लक्ष सुधारतं, उतावीळपणा आवरतो. जुगारासाठी मात्र समुपदेशन वेगळं लागतं. दोन्ही त्रास एकाच मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. गोळ्या परस्पर बंद करू नका, वाढवूही नका.

पैशांचे व्यवहार आणि यूपीआय काही काळ त्यांच्या संमतीनेच तुमच्याकडे घ्या. कर्ज फेडायला हातात रोख देऊ नका, थेट बँकेत भरा. २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तरी चोरटी ॲप सापडतात. ती मोबाइलमधून काढायला लावा.

‘जगणं नको’ असं ते बोलले, तर सकाळची वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही सुरू असतो.